खोक्यातली ब्रह्मी

ब्रह्मीला पाणी लागतं. एक दिवस दिलं, दोन दिवस विसरलं, असं तिला चालत नाही. मुळं कायम चिखलात पाहिजेत. आणि आमच्या शहरात नळाला पाणी येतं आठ दिवसांनी, कधी दहा. अशा ठिकाणी गच्चीवर ब्रह्मी लावायची म्हणजे येडेपणाच. शेजारच्या भाभी भिंतीवरून म्हणायच्या, "भाईसाब, आदमी को पीने को नै, और तुम घास को पिला रहे."

पिला रहे तर पिला रहे. तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, सगळं पाणी मी एका बादलीत जमवायचो आणि जिन्यानं वर न्यायचो. माझी अंघोळ तीन तांब्यांत व्हायची. वय एकाहत्तर. गुडघा प्रत्येक पायरीला बोलायचा. पण ब्रह्मी मी एक दिवस सुकू दिली नाही. बायको होती तेव्हाही नाही, ती गेली त्याच्यानंतरही नाही.

बायको मागच्या उन्हाळ्यात गेली. लोक तसंच म्हणतात, उन्हाळ्यात गेली. खरं म्हणजे ती त्याच्या आधी चार वर्षं जात होती. आज थोडी, उद्या थोडी. आधी भाजीत दोनदा मीठ. मग गॅस पेटवून त्यावर रिकामा तवा. एकदा गिरणीत दळण टाकायला गेली ती रिकाम्या हातानं परत आली, डबा नाही, पायात चप्पल नाही. मी तिला बोललो. लई बोललो. "डोकं ठिकाणावर हाय का तुझं?" असं भर दारात बोललो. माझं तोंड पहिल्यापासून वाईट आहे. वाळूजच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली, तिथं मशीनच्या आवाजात ओरडल्याशिवाय कुणाला ऐकू जात नाही, ती सवय घरात आणली आणि ती सुटली नाही. तिनं खाली बघून पाय धुतले आणि आत गेली.

आमची एकच मुलगी. नाशिकला दिलेली, तिथल्या शाळेत शिकवते. तिला फोनवर सांगितलं तर ती दुसऱ्या दिवशी आली आणि आम्हाला दोघांना रिक्षात घालून डोक्याच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टर तरुण होता. बोलायला चांगला. त्यानं बायकोला समोर बसवलं आणि शाळेतल्यासारखे प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"आजी, आज वार कोणता?"

"सोमवार असंल." होता गुरुवार.

"हे गाव कोणतं?"

"औरंगाबाद."

डॉक्टर हसला. "चालतंय. आमच्या घरात पण अजून तेच म्हणतात." आणि त्यानं तिला त्याचे मार्क दिले. मग माझ्याकडं बोट केलं. "हे कोण?"

"घरचे."

"यांचं नाव काय?"

बायकोनं पदर पुढं ओढला आणि खाली बघितलं. डॉक्टरनं परत विचारलं. ती गप्प. त्यानं कागदावर फुली मारली. मी म्हणालो, "साहेब, फुली मारू नका. ती माझं नाव घेत नाही. अठ्ठेचाळीस वर्षांत नाही घेतलं."

"का?"

"का म्हणजे? नवऱ्याचं नाव घेतात का?"

मुलगी मधे पडली, डॉक्टरला म्हणाली, "जुनी माणसं आहेत, उखाण्यात घेतात फक्त." डॉक्टर म्हणाला, मग उखाण्यात घ्या आजी. बायकोनं असं बघितलं की त्यानं तो प्रश्न सोडून दिला. फुली मात्र खोडली नाही, मी बघितलं.

खरं सांगायचं तर माझं नाव तिच्या तोंडून मी एकदाच ऐकलं, लग्नात. त्यानंतर हळदीकुंकवाला बायकांमध्ये घेत असेल तर घेत असेल, तिथं मी नसायचो. घरात मी "अहो" होतो. बाहेर कुणी विचारलं तर "आमचे मालक". आमच्या गावाकडं नवऱ्याला मालकच म्हणतात. त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. त्या फुलीनंतर वाटायला लागलं.

डॉक्टरनं आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं, ते माझ्या ध्यानात राहिलं नाही. म्हणून त्यानं सोपं करून सांगितलं. म्हणाला, बाबा, आपण श्वास घेतो त्यातूनच शरीरात काही जळतं, काही कचरा तयार होतो, आणि मेंदूच्या पेशींवर त्यानं गंज चढल्यासारखं होतं. लोखंडावर चढतो तसा. तरुणपणी शरीर तो साफ करतं, म्हातारपणी जमत नाही. सगळा आजार तेवढ्यानंच होत नाही, पण त्याचा हात असतो. मी विचारलं, मग गंजावर काही नाही का? तो म्हणाला, ब्रह्मी, अश्वगंधा, हळद, असल्या वनस्पतींत गंज थोपवणारं काही असतं असं म्हणतात, अभ्यास चालू आहेत, पण माणसाला किती फायदा होतो ते पक्कं कुणी सांगू शकत नाही. गोळ्या मात्र नेमानं द्या.

यातलं मी निम्मंच ऐकलं. गंज आणि ब्रह्मी. बाकीचं कानावरून गेलं.

कारण गंज मला कळतो. कारखान्यात माझं कामच ते होतं. घासून-पुसून चकचकीत झालेला जॉब, म्हणजे यंत्राचा लोखंडी भाग, आमच्याकडं यायचा. तो जाळीच्या ट्रेमधे भरायचा, आरपी तेलाच्या टाकीत बुडवायचा, निथळायचा आणि कागदात गुंडाळायचा. आरपी म्हणजे गंज न चढू देणारं तेल. उघड्या हातानं जॉब उचलला तर दुसऱ्या दिवशी त्यावर बोटांचे ठसे तांबडे उमटायचे, कारण हाताला घाम असतो. सगळ्यांच्याच हाताला असतो, पण काही माणसांचा जास्त खारट. माझा तसला होता. सुपरवायझर म्हणायचा, "तू हात लावू नको रे बाबा, तू लोखंड खातोस." मला कायम हातमोजे. सगळी पाळी हातमोज्यांत.

आणि एक गोष्ट त्या खात्यात पहिल्या दिवशी शिकवतात. तेल गंज चढू देत नाही. चढलेला गंज उतरवत नाही. तांबडा डाग पडलेला जॉब टाकीत बुडवला तर डागासकट चमकतो. हे मला पाठ होतं, एकतीस वर्षं पाठ होतं, आणि तरी मी शहागंजला गेलो.

शहागंजला एका गल्लीत जडीबुटीचं जुनं दुकान आहे. दुकानातले चाचा माझ्याहून मोठे. भिंतीभर डबे, त्यावर उर्दूत चिठ्ठ्या, आणि आत शिरलं की असा वास की डोळ्याला पाणी यावं. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला.

"पाटील," ते म्हणाले. मी पाटील नाही, पण ते खेड्याकडच्या सगळ्यांनाच पाटील म्हणतात. "बीवी पहचानती है?"

"वळखती."

"तो सुनो. ये जडी जितना बचा है उतना संभालेगी, अल्लाह ने चाहा तो. गया हुआ नै लाएगी. और डॉक्टर की गोली बंद करेंगे तो मेरे दुकान में फिर नै आना."

मी म्हणालो बघू. त्यांनी अश्वगंधेच्या मुळ्या दिल्या, फोडल्या की घोड्याच्या अंगासारखा वास येतो. शंखपुष्पी दिली. मालकांगणीच्या बिया दाखवल्या आणि परत डब्यात टाकल्या, म्हणाले, ही गरम पडते, म्हातारीला नको. ब्रह्मीची पूड दिली. मी ती पूड महिनाभर दुधात कालवून दिली. काही फरक नाही. परत गेलो आणि भांडलो.

"चाचा, तुमची पूड जुनी हाय."

"पूड जुनी नै, तुम्हारी जल्दी नई है." ते चिडले. मग त्यांनाच माझी दया आली असावी. म्हणाले, ताजी पाहिजे तर खुलताबादकडं जा. घाट चढून गेलं की अमुक वस्तीच्या विहिरीखाली पाट आहे, त्याच्या कडेला उगवते. बारीक, जाड पानांची घ्या, गोल पानांची नको, ती बहीण आहे हिची.

मी एसटीनं गेलो. विहिरीचा मालक शेताला पाणी देत होता. मी त्याला सांगितलं कशाला पाहिजे ते. तो म्हणाला, "आहो, हे तर आमच्या म्हशी तुडवतात." आणि स्वतः गुडघाभर चिखलात उतरून मुळासकट गोळा काढून दिला. ओल्या पोत्यात बांधून मी तो मांडीवर घेऊन आलो. माझा लेंगा भिजला. बसमध्ये शेजारचा माणूस सरकून बसला. त्याला काय वाटलं असेल ते वाटो.

औषधाच्या दुकानातून थर्माकोलचा खोका आणला. त्याला भोक पाडलं नाही म्हणजे पाणी राहतं. त्यात ती लावली. पंधरा दिवसांत खोका भरला. बारीक पांढरी, किंचित जांभळट फुलं आली. अश्वगंधा रंगाच्या डब्यात लावली, तिला पाणी लागत नाही, ती आपल्या भागातलीच. पण जीव माझा ब्रह्मीत.

रोज सकाळी मूठभर पानं खुडायची, धुवायची, खलबत्त्यात कुटायची, फडक्यातून पिळायची. दोन चमचे हिरवा रस निघतो. कडू. त्यात मध. चमचा घेऊन बायकोसमोर गेलो की ती तोंड फिरवायची. पदर पुढं ओढायची, अंग चोरायची. जबरदस्ती केली तर थुंकायची. एकदा माझ्या हातावर चापट मारली. अठ्ठेचाळीस वर्षांत तिनं मला बोट लावलं नव्हतं.

मी भाभींना हाक मारली. आमची जोडघरं, हर्सूलकडं जाणाऱ्या रस्त्याला, मधे कमरेएवढी भिंत. पंचवीस वर्षांची शेजारीण. ईदचा शिरखुर्मा तिकडून, दिवाळीच्या करंज्या इकडून, आणि रोजची चार वाजताची बैठक भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोघींची. भाभी आल्या, चमचा घेतला, म्हणाल्या, "चल गं, तोंड उघड, माझ्या हातचं हाय." आणि बायकोनं मुकाट घेतलं. तेव्हापासून रस मी करायचो आणि भाभी पाजायच्या. त्या पाजत असताना मी गच्चीवर असायचो, पाणी घालत. बायको मला बघून बिचकते, म्हणून मी स्वतःच वर जायचो.

तिचं ते बिचकणं, ते पदर ओढणं. मी त्याचा माझ्या मनानं अर्थ लावला होता. लग्न होऊन आली तेव्हा ती अशीच पदर ओढायची. माझ्यासमोर पण. मला वाटलं, ही मागं मागं जातेय, नव्या नवरीसारखी लाजतेय. म्हणजे वळखतेय. परक्याला कोण लाजतं? वर्षानं डॉक्टरनं परत तीच परीक्षा घेतली. वार नाही, गाव नाही, तीन वस्तू सांगितल्या त्यातली एक नाही. माझ्याकडं बोट करून विचारलं, हे कोण? या वेळी ती "घरचे" पण म्हणाली नाही. पदर ओढला, खाली बघितलं. डॉक्टरनं फुली मारली. मी मनात म्हणालो, मार बाबा. तुला आमच्यातलं काय कळतंय.

मग मी सगळ्यांना सांगायला लागलो. ब्रह्मीनं फरक पडला. बाकी गेलं, पण मला वळखती. चौकात सांगितलं, बँकेच्या रांगेत सांगितलं. मुलीला फोनवर सांगितलं. मुलगी सुट्टीत आली तेव्हा आईनं तिला ओळखलं नव्हतं, "बसा ना बाई" म्हणाली होती. मुलगी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली, पाठ करून. मी तिला म्हणालो, "तू लांब असतीस, म्हणून. रोज डोळ्यासमोरचं माणूस राहतं ध्यानात. माझं बघ." हे मी तिला समजूत घालायला म्हणालो की स्वतःची फुशारकी मारायला, ते मला सांगता येत नाही. दोन्ही असेल.

मागच्या उन्हाळ्यात न्यूमोनिया झाला आणि पाच दिवसांत ती गेली. तेराव्याला जमलेल्या माणसांतही मी तेच सांगितलं. शेवटपर्यंत वळखत होती. बायका पदर डोळ्याला लावून मान हलवत होत्या. कुणी म्हणालं, नशीबवान हायेत तुम्ही.

मग लोक ब्रह्मी मागायला लागले. कुणाची सासू विसरते, कुणाचा भाऊ. मी कांड्या काढून द्यायचो, पाण्याचं सांगायचो. लोक गेले की घर परत गप्प. मी वरणभात करायचो, दोन्ही वेळचा एकदाच. टीव्ही लावून ठेवायचो, बघायचो नाही. दिवसभरात माझं बोलणं म्हणजे दूधवाल्याला "अर्धा". चार वाजता भिंतीपलीकडं भाभी तांदूळ निवडत बसलेल्या दिसायच्या, भिंतीकडं पाठ करून. आधी तोंड इकडं करून बसायच्या. मी पण तिकडं बघायचो नाही. दोघींची जागा ती, तिथं मी काय बोलणार.

शहागंजला एकदा गेलो, काही घ्यायचं नव्हतं. चाचांनी बघितलं आणि स्टूल पुढं सरकवलं. काही विचारलं नाही. तासभर बसलो. गिऱ्हाइकं आली-गेली. उठताना ते म्हणाले, "आते रहो पाटील." त्याच्यानंतर मी परत गेलो नाही. का गेलो नाही, माहीत नाही.

यंदा वर्षश्राद्धाला मुलगी आली. दोन दिवस राहिली. आता तिची पण पन्नाशी आली. जाताना म्हणाली, "बाबा, मला ब्रह्मी द्या. मी पण हल्ली विसरते. चावी कुठं ठेवली, वर्गात मुलांची नावं. आईचं बघून भीती वाटते." मी म्हणालो, "डॉक्टरला दाखव." म्हणाली, "दाखवीन. पण हे तरी घेते. तुम्हाला ओळखायची ना आई, म्हणजे काही तरी गुण असणारच." मी तिला भरपूर कांड्या दिल्या, ओल्या फडक्यात बांधून. जाण्याआधी ती भाभींना भेटायला गेली आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते. मला वाटलं, बायाबायांचं रडणं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता भाभी भिंतीशी उभ्या राहिल्या. मी कपडे वाळत घालत होतो.

"भाईसाब, इधर आओ."

मी गेलो.

"काल पोरगी माझ्या किचनमधे बसून किती रडली, मालूम हाय?"

"कामून?"

"म्हणती, आई बाबांना ओळखत होती, मला नाही. म्हणजे मीच आईला टाकलं. नोकरी धरून बसले, येऊन राहिले नाही. वर्षभर हेच डोक्यात घेऊन बसली ती. तुम्ही तिला असं बोलले?"

"बोललो. खरं हाय ते."

"खरं नाय ते," भाभी म्हणाल्या.

मला राग आला. मी म्हणालो, तुम्हाला काय माहीत? डॉक्टर सुद्धा फसला. नाव घेत नव्हती कारण नाव घ्यायची रीत नाही. पदर घेत होती कारण लाजत होती.

"नाव छोडो." भाभींनी दोन्ही हात भिंतीवर ठेवले. "रस कोण पाजत होतं? मी. दोन वर्षं रोज. ती रोज मला विचारायची, भाभी, हा म्हातारा कोण हाय? आपल्या घरात का राहतो?"

मी हातातला ओला टॉवेल भिंतीवर ठेवला.

"पहिल्यांदा मी सांगितलं, अगं येडे, नवरा हाय तुझा. तर माझ्यावरच बिघडली. म्हणाली, काहीबाही बोलू नका, आमचे मालक तरणे हायेत, वाळूजला ड्युटीवर गेलेत, सांजच्या बसनं येतील. म्हणून तर ती संध्याकाळी फाटकाशी उभी राहायची. तुम्ही हात धरून आत आणायचे, ती घाबरायची. परका माणूस हात धरतो म्हणून."

मला ते फाटक आठवलं. मला वाटायचं, हवा खायला उभी राहते. मी ओरडायचो, डास चावतील, चल आत.

"मग मी सांगणं सोडलं," भाभी म्हणाल्या. "म्हटलं, राहू दे. तुम्ही वर पाणी घालायला जायचे ना, ती जिन्याकडं बघायची. म्हणायची, माणूस चांगला हाय, पण ह्याचं कुणी नाही वाटतं. एकटाच पाणी वाहतो. बायको गेली असंल बिचाऱ्याची. भाभी, त्याला दोन घास घालत जा."

"मला का नाही सांगितलं?"

"कैसे बोलूं? तुम्ही तो रस असा घेऊन यायचे, जसं काही..." त्यांनी हातानं काही तरी दाखवलं आणि सोडून दिलं. "आज पण बोलले नसते. पण पोरगी जीवाला लावून घेती. तिला सांगा. नाहीतर मी सांगते."

त्या आत गेल्या. मी गच्चीवर गेलो आणि खोक्याजवळ बसलो. पाणी घालायची वेळ होती, घातलं नाही.

मला काय वाटलं ते सरळ सांगतो. मला त्या तरण्या माणसाचा राग आला. तो कोण होता? डबल ड्युट्या करायचा, घरी आला की जेवून झोपायचा. पगाराचा दिवस सोडला तर नीट बोलायचा नाही. मुलगी झाली तेव्हा तीन दिवसांनी बघायला गेला. त्याची ती फाटकाशी उभी राहून वाट बघत होती. आणि जो अंघोळीचं पाणी वाचवत होता, लेंगा भिजवून खुलताबादहून आला होता, त्याला बघून अंग चोरत होती. दोघं एकच, हे कळायला काही शिक्षण लागत नाही. तरी राग आला. मग रागही गेला. राहिलं ते एवढंच की दोन वर्षं मी त्या घरात एकटा होतो आणि मला ते माहीत नव्हतं.

ऊन उतरलं. मुलीची शाळा सुटून ती घरी आली असेल असं बघून मी फोन लावला.

"पोचलीस ना नीट?"

"कालच मेसेज केला होता की, बाबा."

"ब्रह्मी लावली?"

"लावली. बाल्कनीत."

"तिचा गुण येईल का नाही मला माहीत नाही," मी म्हणालो. "तू डॉक्टरला दाखव. याच आठवड्यात. आणि दुसरं. तुझी आई मला वळखत नव्हती."

तिच्याकडचा भांड्यांचा आवाज थांबला.

"मी सांगत होतो ते खोटं होतं. मला बी नव्हती वळखत. परका म्हातारा समजायची."

"तुम्हाला कधी कळलं?"

"आज. भाभींनी सांगितलं."

"आज कळलं, की आज मान्य केलं?" मुलीचं बोलणं माझ्यावर गेलंय. "बाबा, वर्षभर मी... तुम्ही मला म्हणालात, तू लांब असतीस म्हणून. तुमच्या ध्यानात तरी आहे का ते?"

"हाय."

"मग?"

"चुकलो."

हा शब्द मी तिच्याशी कधी वापरलेला नव्हता. तिच्या आईशी पण नाही. मला वाटलं, ती फोन ठेवेल. ठेवायला पाहिजेच होता.

"काय म्हणायची तुमच्याबद्दल?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. वाळूजची बस सांगितली. एकटाच पाणी वाहतो ते सांगितलं. दोन घास घाला ते पण सांगितलं.

मुलगी म्हणाली, "मला पण विचारलं होतं तिनं. त्या सुट्टीत. तुम्ही गच्चीवर होतात. मी वेणी घालत होते तिची. म्हणाली, पोरी, हात लई हलका हाय तुझा. कुठून आलीस? मी म्हटलं, नाशिकहून. तर म्हणाली, एवढ्या लांबून एकटी आलीस? तुला आई नाही का गं? वाट बघत असंल ना ती."

"मला नाही सांगितलंस."

"तुम्हाला ओळखत होती ना ती. तुम्हाला काय सांगणार?"

फोन दोघांनी कानाला धरून ठेवला. तिच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी झाली, तिसरी झाली. गॅस बंद करायला ती उठली नाही, आणि मी पण तिला उठ म्हणालो नाही.